देव्हाऱ्यावरची बाटली

होआनने मागच्या पडवीत येऊन पाहिलं तर बाटली जागेवर नव्हती. बादलीमागे नव्हती, झाडूमागे नव्हती, कोंबड्यांच्या खुराड्यावरही नव्हती. बाटलीला काही पाय फुटत नाहीत, म्हणजे कुणीतरी उचलली होती. आणि आज सासऱ्यांचं दरवर्षीचं श्राद्ध असल्यामुळे ते कुणीतरी म्हणजे घरातलं नि बाहेरचं कुणीही असू शकत होतं.

बाटली दीड लिटरची, पिण्याच्या पाण्याची. आत मात्र पेट्रोल होतं. पाहुण्यांसमोर सासऱ्यांची जुनी मोपेड चालवून दाखवावी, या हौसेने होआनने काल तिची टाकी रिकामी केली, कार्बुरेटर उघडला, पुसला आणि निघालेलं पेट्रोल हाताशी आली त्या बाटलीत ओतून टाकलं. या घरात मोटारसायकलचं काहीही, मग ते तेल असो नाहीतर पेट्रोल, तळ्याकाठच्या खोपटात ठेवायचं, असा सासूबाईंचा दंडक होता. पण घरजावई झाला तरी माणसाला कंटाळा येतोच. सकाळी नेऊ म्हणून त्याने बाटली पडवीत ठेवली, आणि रात्री सासूबाईंनी विचारल्यावर छातीवर हात ठेवून सांगितलं, "आई, घरात थेंबभर नाही."

तो स्वयंपाकघरात आला. मिएन नेम, म्हणजे खिमा भरलेल्या गुंडाळ्या, तळत होती. तळणीच्या आणि माशाच्या सॉसच्या वासापुढे तिथे दुसऱ्या कुठल्याही वासाची डाळ शिजली नसती.

"मिएन, पडवीतली बाटली कुणी घेतली?"

"कसली बाटली?" बायकोने कढईवरची नजर न काढता विचारलं.

"पाण्याची. म्हणजे, पाण्याच्या बाटलीतली."

"पाण्याच्या बाटलीतली काय?"

होआन ओट्याखाली वाकून बघू लागला.

"दारूची म्हणत असाल तर आईने नेली," मिएन म्हणाली. "खांगकाकांनी आणल्यात ना बाटल्या भरून. तसलीच पिवळट एक मागे राहिली होती म्हणाली. बाबांपुढे ठेवलीय."

होआन जवळजवळ पळतच पुढच्या खोलीत गेला. देव्हारा काठोकाठ भरला होता. चोचीत लाल गुलाब धरलेला उकडलेला कोंबडा, चिकट भाताचं ताट, बांबूच्या कोंबांचा रस्सा, दोन तेलाचे दिवे, मध्ये उदबत्त्यांचा वाडगा आणि वाडग्याला खेटून त्याची बाटली. मागच्या तसबिरीतून सासरे जावयाकडे जसे हयातभर बघत आले तसेच बघत होते. उदबत्त्यांची राख बाटलीच्या खांद्यावर पडत होती. उष्णतेने आतली वाफ फुगली असावी, कारण बाटलीचं पोट सुटलं होतं.

त्याने हात पुढे केला.

"हात मागे!" सासूबाई कडाडल्या. "बाबा जेवतायत."

"बाटली जरा पुसून ठेवतो, आई."

"मी पुसलीय. भरल्या ताटासमोरून जिन्नस उचलतात का? उदबत्ती विझली की उतरवू सगळं. तोवर दम धरा, जावईबापू. दारू काय पळून जात नाही."

तिथे बसलेले पुरुष हसले. होआनला दारूची तलफ आलीय, असा सर्वांचा समज झाला. खरं सांगावं तर काल रात्रीचा छातीवरचा हात आड येत होता. उदबत्ती विझायला आलीच आहे, तेवढा वेळ निभावू, असा त्याने हिशेब केला. पण या हिशेबात पाहुणे धरलेले नव्हते. येणारा प्रत्येक जण आधी देव्हाऱ्यापुढे जातो आणि नवी उदबत्ती लावतो. म्हणजे पाहुणे संपल्याशिवाय उदबत्ती विझणार नव्हती, आणि सासऱ्यांचा गोतावळा मोठा होता.

होआन दारातच उभा राहिला. पहिली आली ती लिएनआत्या.

"आत्या, उन्हातून आलात. आधी चहा घ्या."

"माझा भाऊ आत उपाशी आणि मी आधी चहा ढोसू?" आत्याने त्याला कोपराने बाजूला सारलं आणि मूठभर उदबत्त्या पेटवल्या.

मग त्याने निदान दिवे तरी कमी करावेत म्हणून, कुणाचं लक्ष नाहीसं पाहून, बाटलीजवळचा दिवा फुंकला. सासूबाईंनी ते पाहिलं नाही, पण विझलेला दिवा पाहिला. "अगं बाई, अपशकुन!" म्हणत त्या लायटर घेऊन आल्या आणि बाटलीवर ओणव्या होऊन खटक्-खटक् करू लागल्या. लायटर जुना होता. प्रत्येक खटक्याला होआनचे डोळे मिटत होते. दिवा लागला. त्याने पुन्हा काही फुंकलं नाही.

"आई," तो काकुळतीने म्हणाला, "बाबांचं झालं असेल हो जेवण. विचारून तरी बघा."

ही गोष्ट सासूबाईंना पटली. त्यांनी एका बाजूला चुना लावलेली दोन जुनी नाणी काढली, हात जोडून पुटपुटल्या आणि बशीत टाकली. एक पांढरं नि एक काळं पडलं की पितर हो म्हणाले. दोन्ही पांढरी पडली.

"नुसते हसतायत," सासूबाई म्हणाल्या.

"पुन्हा विचारा."

दोन्ही काळी पडली.

"घ्या! आता रागावले. तुमची घाई नडली, जावईबापू."

"माझा भाऊ पहिल्यापासून सावकाश जेवायचा," थोरले खांगकाका म्हणाले. "त्याच्यासोबत जेवायला बसलं की आपला भात वाळायचा."

एवढ्यात वाडग्यातल्या मागच्या वर्षभराच्या काड्यांनी पेट घेतला. भप्पकन ज्वाळा उठली. कुणीही ओरडलं नाही. सगळ्यांचे हात जोडले गेले, कारण वाडगा असा आपोआप पेटणं म्हणजे पितर प्रसन्न झाल्याची खूण.

"आला! भाऊ आला!" लिएनआत्येच्या डोळ्यांत पाणी आलं.

पंख्याच्या वाऱ्याने ज्वाळा वाकली ती थेट बाटलीकडे.

"पेट्रोल आहे ते!" होआन किंचाळला. "बाजूला व्हा! दारू नाही, पेट्रोल आहे!"

त्याने बाटली उचलली, तान्ह्या पोरासारखी पोटाशी धरली आणि नातेवाइकांच्या मांड्या तुडवत अनवाणी बाहेर धावला. अंगण ओलांडून तळ्याकाठी, जिथे चूल नाही, बिडी नाही, माणूस नाही, अशा सुपारीच्या सावलीत त्याने ती हळूच टेकवली. मग तिच्यापासून लांब जाऊन उभा राहिला आणि मागे वळून पाहिलं.

घर जागेवर होतं. छप्पर होतं, दारात मिएन झारा घेऊन उभी होती, आत वाडगा एव्हाना आपसूक विझला होता. उंबऱ्यापर्यंत येऊन होआन मटकन बसला आणि हसायलाच लागला. इतकं हलकं त्याला लग्न झाल्यापासून वाटलं नव्हतं. आता मोपेड भंगारात जावो की तो स्वतः जावो, त्याची हरकत नव्हती.

"थेंबभर नाही म्हणाला होतात," सासूबाई म्हणाल्या.

"खोटं बोललो, आई. खोपटापर्यंत जायचा कंटाळा केला."

खांगकाका पुढे सरसावले. अशी संधी ते सोडत नसत. "अरे, पेट्रोल कुणी पाण्याच्या बाटलीत भरतं? तिच्यावर नाव ना गाव. एखाद्या तहानलेल्याने तोंडाला लावली असती म्हणजे? आणि ठेवायचं कुठे, याची काही अक्कल? माझ्याकडे बघ. मी नेहमी..."

काका थांबले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि लोकांकडे पाठ केली, पण त्यांचा आवाज पहिल्यापासून मोठा.

"अगं, ऐक. आपल्या पलंगाखाली ती बाटली आहे ना... हो, माझीच. बाहेर नेऊन ठेव. चुलीकडून नको! मागच्या दाराने. आणि नातवाला आधी शेजारी पाठव."

कुणी हसलं नाही, कारण लिएनआत्याही पिशवीत फोन शोधत होती. तिच्या मुलाने ब्रेकचं तेल फ्रिजच्या दारात, लिंबाच्या सरबताला लागून ठेवलं होतं. "पिऊ नका रे! कुणीही काही पिऊ नका!" ती फोनवर ओरडत होती. पाठोपाठ एक चुलतभाऊ उठला, मग त्याचा मेहुणा. कुणाचं माजघरात होतं, कुणाचं जिन्याखाली, कुणाचं गॅसच्या सिलिंडरशेजारी. अंगणभर माणसं एका कानावर हात ठेवून घरच्यांना वाटा सांगत होती. ज्यांचे फोन लागले नाहीत ते न जेवताच गाडीला किक मारून निघाले.

फोन केला नाही तो फक्त सासूबाईंनी. त्या बराच वेळ देव्हाऱ्याकडे बघत उभ्या होत्या.

"मिएन," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गॅस बंद कर. पंखाही."

मग त्यांनी दोन्ही दिवे निवांत विझवले, उरल्यासुरल्या उदबत्त्या बाहेर ओल्या मातीत खोचून आल्या आणि खाली बसून देव्हाऱ्याच्या पोटातला खण ओढला. आतून फडक्याचा बोळा कोंबलेली सॉसची बाटली निघाली. वास आल्यावर कुणाला विचारायची गरज उरली नाही.

"पितळ चांगलं निघतं याने," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या.

"आई! कधीपासून ठेवताय?" मिएनने विचारलं.

"तुझे बाबा होते तेव्हापासून. तेच आणून द्यायचे मोपेडमधून काढून."

सगळ्यांनी तसबिरीकडे पाहिलं. याच माणसाने होआनला खोपटाची शिस्त शिकवताना दोनदा अख्ख्या गल्लीसमोर फैलावर घेतलं होतं. होआनच्या ओठांवर चार वाक्यं आली. चारही चांगली होती. पण घर उभं असल्याच्या आनंदात त्याने ती गिळून टाकली, दोन्ही हात पुढे करून बाटली घेतली आणि तळ्याकाठी पहिलीच्या शेजारी ठेवून आला.

परत आला तेव्हा भरल्या ताटांपुढे मोजकीच माणसं उरली होती. सासूबाईंनी कोंबड्याची तंगडी तोडून त्याच्या वाडग्यात घातली. ती दरवर्षी खांगकाकांना जायची. खांगकाकांनी मानेचा तुकडा आपल्या वाडग्यात ओढून घेतला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा मिळतो ना बाजारात, पेट्रोलचा?"

"मिळतो, आई. उद्याच आणतो."

"मोठा आणा," सासूबाई म्हणाल्या. "चांगला मोठा. सगळ्या घराण्याचं मावलं पाहिजे."