दत्तोबांचा अर्थ

आमच्या शेजारचे दत्तोबा प्रत्येक गोष्टीत आधी अर्थ बघतात. नळाला पाणी आलं नाही, "अर्थ बघा." कुणाची सून रुसून माहेरी गेली, "अर्थ सुटला असंल." एकदा माझा गुडघा धरला, तर म्हणाले, "वैनी, करंट हाय, अर्थ न्हाई." मी म्हटलं, "भाऊजी, गुडघ्यात वात हाय. तुमचं डोकं तपासून घ्या."

शाळेत मी चौथीपर्यंत होते. गुरुजी कवितेचा अर्थ विचारायचे आणि मी छडी खायचे. दत्तोबांचा अर्थ वेगळा. मोटारीच्या बॅटरीपासून एक जाड पट्टी निघते आणि गाडीच्या लोखंडी अंगाला नटाने आवळलेली असते. तिला मेकॅनिक लोक अर्थ म्हणतात. ती ढिली झाली किंवा खाली गंज चढला की जुनी गाडी सुरू व्हायला रडते. दत्तोबांच्या मते सगळं जग त्या पट्टीपाशी अडलेलं आहे.

त्यांची गाडी काळी, फुगीर गालांची. तिच्या वायरींवर अजून कापडाचं वेष्टण आहे. पौडच्या एका लाकूड व्यापाऱ्याकडे दत्तोबा ड्रायव्हर होते. मालक थकले तेव्हा त्यांनी ती गाडी दत्तोबांनाच देऊन टाकली. "तुमा दोघांची खोड एकच, सकाळी लवकर सुरू व्हत न्हाई," असं म्हणाले होते म्हणे.

तेव्हा मुळशीच्या या अंगाला एसटी आली तर आली. नवरी, आजारी माणूस, बाळंतीण, सगळे त्याच गाडीतून पौडला जायचे. माझी धाकटी लेक तर तिच्यातच जन्मली असती. चढावर गाडी बंद पडली. मी मागे ओरडतेय, दत्तोबा बॉनेटमध्ये डोकं घालून उभे, आणि पुढे त्यांची बायको यमुना. गाडी सुरू करायचं बटण, म्हणजे सेल्फ, पायाशी होतं, ते दाबायचं काम तिचं. तिला गाडी चालवता यायची नाही, पण सेल्फ तिच्याशिवाय कुणी दाबायचा नाही.

"दाबू का?" तिने विचारलं.

"थांब, अर्थ बघतो."

"अर्थ मरू द्या, माझं बघा!" मी ओरडले. यमुना अशी हसली की तिचा पाय बटणावर पडला आणि गाडी सुरू झाली. दत्तोबांचा अंगठा पंख्याच्या पट्ट्यात सापडला. ते नख अजून काळं आहे.

यमुना गेली. तिच्या दिवसांनंतर थोड्याच काळात दत्तोबा कुंपणापाशी आले. "वैनी, जरा सेल्फ दाबायला येता का?" तेव्हापासून म्हशीचं आटोपलं की मी जाते. गाडीत बसताना चपला काढायला लावतात, देवळात काढतात तशा.

"दाबू का?"

"थांबा, पुढचा दिवा बघतो... दाबा."

कट्. दिवा पिवळा पडतो आणि विझतो.

"बघितलं? दिव्यापुरता हाय, सेल्फला पुरत न्हाई. अर्थ!" मग पॉलिश पेपर घेतात, पट्टीचं तोंड घासतात, फुंकर मारतात, नट आवळतात. गाडी खाकरते आणि सुरू होते. थोडा वेळ कान देऊन ऐकतात आणि बंद करतात. जायचं तर कुठंच नसतं. रोज घासून रोज गंज कसा येतो, असं मी एकदा विचारलं. "धरणाची हवा," म्हणाले.

त्यांचा मुलगा सुनील महाळुंग्याला फ्लॅटमध्ये राहतो. गाडीची शेड पाडून तिथं भाड्याच्या खोल्या काढायच्या, हे त्याच्या मनात पक्कं. एका रविवारी तो लवासाच्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याला घेऊन आला. गाडी हॉटेलच्या दारात उभी करायची आणि पाहुण्यांना एकेक चक्कर मारून आणायची, असा त्यांचा बेत.

"सुरू होते ना?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"रोज होते," सुनील म्हणाला. "आप्पा, दाखवा."

मी चपला काढून बसले. "दाबू का?"

"दाबा," दत्तोबा म्हणाले. थांबा म्हणाले नाहीत, तेव्हाच मला खटकलं.

कट्. दिवा विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा कट्.

"मग पुढून हँडल फिरवून सुरू करा की," हॉटेलवाला म्हणाला.

"हँडल हरवलं."

हँडल माझ्या गोठ्यात कडब्याखाली होतं. आदल्या दिवशी त्यांनीच "जरा ठिवा" म्हणून आणून दिलं होतं. मी कशाला बोलते.

सुनील शर्ट मळेल म्हणून लांबूनच म्हणाला, "आप्पा, अर्थ बघितला का?"

"बघितला. चांगला हाय."

उभ्या जन्मात हा माणूस अर्थ चांगला आहे असं म्हणाला नव्हता. हॉटेलवाला म्हणाला, बंद गाडी घेऊन मी काय करू? आणि निघाला. "तुम्ही आणि तुमची गाडी!" म्हणत सुनीलही त्याच्या मागे गेला.

दत्तोबांनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला. त्याच्याबरोबर अर्थच्या पट्टीचा नट खाली पडला. गंजाचा ठिपका नाही, रोज हातात फिरून चकचकीत झालेला.

"ही धरणाची हवा व्हय?" मी म्हटलं. "रोज संध्याकाळी ढिला करून ठिवता?"

त्यांनी नट उचलला. काळ्या नखाने त्याचे आटे उगाच खरवडत राहिले.

"घट्ट ठिवला तर गाडी माझी मलाच सुरू व्हती, वैनी. मग आतनं 'दाबू का' कोण म्हणनार?"

"नट खिशात ठिवू नका," मी म्हटलं. "हरवला तर खरंच अडून बसाल. आन् ते हँडल घेऊन जा, म्हशीच्या पायात येतंय."

दुसऱ्या दिवशी म्हशीचं आटोपून गेले. चपला काढल्या, आत बसले.

"दाबू का?"

बॉनेटच्या मागून नाक ओढल्याचा आवाज आला.

"थांबा. अर्थ बघतो."

मी थांबले.