कॅथीड्रलला प्रथमच येणाऱ्यांनी कुठे बसावे

उपासना कोणत्याही धर्माची असो, बसायचं कुठं हा प्रश्न देवाच्या आधी उभा राहतो. धर्मग्रंथांत याचा उल्लेख सापडत नाही, कारण ते लिहिणारे बहुधा झाडाखाली बसत. पण ज्या समाजात सोफा आला त्याला हा प्रश्न टाळता येत नाही, आणि पणदऱ्याच्या दत्तोबांनी तो कधी टाळलाही नव्हता. दत्तोबा एका दूध संस्थेचे माजी चेअरमन. गेल्या एकोणीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या रांगेतून एकही कार्यक्रम पाहिलेला नव्हता (लग्न, जावळ आणि दहावा धरून).

अशा दत्तोबांना मे महिन्यात इंग्लंडहून फोन आला. त्यांचा मुलगा दीपक तिकडे एका लहानशा शहरात इंजिनिअर आहे. दीपकची दहा वर्षांची मुलगी इरा तिथल्या कॅथीड्रलच्या गायकवृंदात गाते. आता एका रविवारच्या उपासनेत ती दीड मिनिट एकटी गाणार होती, आणि ती उपासना मोबाईलवर थेट दिसणार होती. हे सांगायला इरा स्वतःच फोनवर आली.

“आबा, मागच्या वेळी तुम्ही माझा व्हिडिओ ऐकलाच नाही. आजीनं सांगितलं मला.”

“मीटिंग हुती बाळा.”

“या वेळी तरी ऐकाल ना?”

“समदं सोडून ऐकतो. शब्द हाय माजा.”

हा शब्द दत्तोबांनी मनापासून दिला होता. तशी नोंद इथे करून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यातही ज्यानं त्यानं जे केलं ते मनापासूनच केलं.

दीड मिनिटाचं गाणं ऐकायला एक मोबाईल आणि दोन म्हातारी माणसं पुरतात, असं दत्तोबांच्या पत्नी कौसल्याबाईंचं मत होतं. परंतु नात साता समुद्रापार गाणार आणि आजोबा घरात चटईवर बसून ऐकणार, हे माजी चेअरमनला शोभलं नसतं. सहा जणांत बोलणं झालं, सहांचे साठ झाले, आणि इंदापूर रस्त्यावरचं एक मंगल कार्यालय, बारा बाय आठचा एलईडी पडदा आणि चारशे खुर्च्या ठरल्या. पोरीनं धर्म तर बदलला नाही ना, अशी शंका एकानं काढली होती. पण तेवढ्यात पुढच्या सोफ्यावर कोण बसणार हा विषय निघाला आणि धर्म मागे पडला.

दीपकनं कॅथीड्रलचं एक पत्रक पाठवलं. प्रथमच येणाऱ्या माणसानं काय अपेक्षा ठेवावी, हे त्यात फार सौजन्यानं लिहिलेलं होतं. ते मराठीत आणण्याचं काम वसंत सरांकडे गेलं. वसंत सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि आसपासच्या दोन तालुक्यांत मागणी असलेले सूत्रसंचालक. त्यांच्या हातातला माईक आजवर चार सेकंदांपेक्षा जास्त गप्प राहिलेला नाही.

पत्रकाच्या पहिल्याच ओळीनं सगळ्यांच्या मनात त्या पंथाविषयी आदर निर्माण केला. ज्या चर्चमध्ये बिशपची खुर्ची असते त्याला कॅथीड्रल म्हणतात, असं तिथे लिहिलं होतं. म्हणजे शेकडो वर्षांचे ते दगड, ते मनोरे, त्या रंगीत काचा, सगळं एका खुर्चीसाठी.

“मान्सं आपल्यासारखीच हायेत की,” दत्तोबा म्हणाले.

मात्र ही खुर्ची वर्षातले बरेच रविवार रिकामी असते आणि तरीही तिच्यावर दुसरं कोणी जाऊन बसत नाही, हे वाचल्यावर बैठकीला ते पटायला वेळ लागला.

दुसरी सूचना होती, ‘कुठेही बसा.’ या दोन शब्दांवर तीन बैठका झाल्या. अखेर ‘निमंत्रितांनी पुढे, इतरांनी कुठेही’ असा त्याचा अर्थ सर्वानुमते मंजूर झाला. मग निमंत्रित कोण, तर दोन आजोबा. एक दत्तोबा आणि दुसरे इंदापूरचे माऊली तात्या, म्हणजे इराच्या आईचे वडील. या व्याह्यांचं लग्नापासून बोलणं नव्हतं, कारण लग्नात तात्यांचा फेटा दत्तोबांच्या फेट्यानंतर अर्ध्या तासानं बांधला गेला होता. त्यामुळे एकसारखे दोन सोफे मागवण्यात आले आणि त्यांची उंची दोन्हीकडच्या माणसांदेखत टेपनं मोजण्यात आली.

‘काय करावे कळले नाही तर पुढच्या माणसाकडे पाहा,’ ही सूचना लगेच मान्य झाली. आपल्याकडची मतदानं याच तत्त्वावर होतात. ‘आपले नाव कोणी विचारणार नाही, आपल्याला काहीही करावे लागणार नाही, नुसते ऐकणे हीसुद्धा उपासनाच,’ हे वाक्य मात्र वसंत सरांना पाहुण्यांचा अपमान वाटलं. त्यांनी त्याचं ‘मान्यवरांनी आपली नावे आगाऊ द्यावीत’ असं भाषांतर केलं. शेवटची ओळ होती, ‘उपासनेत मध्ये मध्ये शांतता पाळली जाते, तो बिघाड नव्हे.’ ही ओळ सरांनी गाळली. तिच्यात निवेदन करण्यासारखं काहीच नव्हतं.

रविवारी दुपारी तीन वाजता (तिकडे सकाळी साडेदहा) मंगल कार्यालयात तीनशे चाळीस माणसं हजर होती. पैकी सुमारे तीनशे जण इराला ऐकायला आले होते, तीस जण दिसायला आले होते आणि दहा जणांचं लग्न शेजारच्या कार्यालयात होतं. पडद्यावर ऑर्गन घुमला आणि मिरवणूक निघाली. तिकडच्या रिवाजाप्रमाणे लहान मानाचा पुढे चालतो आणि मोठ्या मानाचा सगळ्यात मागे. आपल्याकडेही प्रमुख पाहुणे शेवटीच येतात, त्यामुळे यात कोणाला नवल वाटलं नाही. फक्त हे धर्मगुरू शेवटी येऊनही वेळेवर आले, म्हणून ते खरोखरच मुख्य आहेत की कोणाच्या वतीनं आलेत, याबद्दल मागच्या रांगांत मतभेद राहिले.

पुढच्या पोरांत चौथी इरा होती. लाल झगा, वर पांढरा अंगरखा, छातीशी धरलेली वही. दत्तोबांचा ऊर भरून आला. त्यांनी रुमाल काढला, तेव्हा शेजारच्या सोफ्यावर तात्यांनीही काढला.

नंतर पडद्यावरची माणसं उभी राहिली. इथे मागच्यांनी पुढच्यांकडे पाहिलं आणि पुढच्यांनी सोफ्यांकडे. सोफे खोल होते. शिवाय तात्या उठल्याशिवाय दत्तोबा उठणार नव्हते आणि दत्तोबा उठल्याशिवाय तात्या. त्यामुळे ‘सर्वांनी उभे राहावे’ असा भाग पाच वेळा येऊनही तीनशे चाळीस माणसांनी तासभर बसून घेतलं. पुढे पडद्यावर लोक रांगेनं वेदीपाशी गेले, हातावर भाकरीचा नखाएवढा तुकडा घेतला आणि कोणी दुसऱ्यांदा न मागता जागेवर परतले. हा संयम पाहून इथल्या काही जणांना भटारखान्याची आठवण झाली.

आणि मग सगळं थांबलं. तिकडे माणसं मान खाली घालून बसली. ऑर्गन नाही, प्रार्थना नाही, साधा खोकला नाही. मंगल कार्यालयात आवाज फक्त दोन कारणांनी थांबतो, वीज जाणं आणि मानपानावरून भांडण. वीज होती.

“संदेश, आवाज ग्येला रं,” मागून कोणीतरी म्हणालं.

संदेश चाळिशीचा, साउंडच्या धंद्यातला जुना माणूस. त्यानं काही न विचारता सगळ्या वायरी उपसल्या, त्यांवर फुंकर मारली आणि एकेक करून पुन्हा लावायला घेतल्या. आता आवाज खरोखरच गेला.

रिकामा वेळ ही सूत्रसंचालकाची बेअब्रू असते. वसंत सरांनी माईक उचलला. “तांत्रिक अडचण दूर होईस्तोवर आपण भाग्यवान आजोबाद्वयाचा यथोचित सत्कार उरकून घेऊ.” दोन शाली, दोन नारळ आणि दोन फेटे तयारच होते. दोघांना एकाच क्षणी सोफ्यांतून उपसण्यात आलं. फोटो नीट यावा म्हणून त्यांना पडद्याकडे पाठ करून उभं करण्यात आलं.

त्यांच्या पाठीमागे पडद्यावर इरा एकटीच उभी राहिली आणि तिनं तोंड उघडलं.

“पोरगी गातीया,” तिसऱ्या रांगेतून कौसल्याबाई म्हणाल्या. “वाईच गप ऱ्हावा की.”

त्यांच्याकडे माईक नव्हता. पण दत्तोबांनी ते ऐकलं, आणि त्यांची मान वळली. खरोखर वळली. डोळ्याच्या कोपऱ्यात त्यांना लाल झग्याची कडसुद्धा दिसली.

“आबा, हिकडं बघा,” फोटोवाला म्हणाला.

तात्या आधीपासून कॅमेऱ्याकडे बघत होते. दत्तोबांनीही कॅमेऱ्याकडे बघितलं.

सत्कार एक मिनिट चाळीस सेकंदांत आटोपला, आणि दोन सत्कार एवढ्यात होणं हा त्या कार्यालयातला विक्रम आहे. संदेशनं आवाज आणला तेव्हा पडद्यावर पोरं खाली बसत होती आणि वह्या मिटल्याचा आवाज येत होता. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. तो कोणासाठी होता, हे निश्चित झालेलं नाही. नंतर सर्वांनी जेवणाचा आस्वाद घेतला.

पाच वाजता इराचा फोन आला.

“आबा, ऐकलं?”

“ऐकलं की. लय ग्वाड गायलीस.”

“शेवटी माझा आवाज हलला ना थोडा?”

दत्तोबांनी कौसल्याबाईंकडे पाहिलं. त्या शालीची घडी घालत होत्या.

“न्हाय बाळा. कुठंच न्हाय हलला.”

“नक्की?” इरानं विचारलं, आणि तिचा सोडलेला श्वास पणदऱ्यापर्यंत ऐकू आला.

फोन ठेवल्यावर कौसल्याबाई म्हणाल्या, “मला बी आवाज आला न्हाय. पर मी तिचं त्वांड बघत हुते. तुमी त्येबी न्हाय बघितलं.”

दत्तोबांना लाज वाटली. संस्थेची निवडणूक हरले होते तेव्हाही एवढी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोठ्यात उपड्या बादलीवर बसले आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. अकराव्या सेकंदाला अभिनंदनाचा फोन आला. त्यांनी आभार मानले आणि गाणं पहिल्यापासून लावलं. सातव्या सेकंदाला दुसरा फोन आला. ती लिंक त्यांनी दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या ओळखीच्यांना पाठवली होती, आणि माणसं आपली प्रेमळ. दुपारपर्यंत सत्तेचाळीस फोन झाले. सतराव्या सेकंदाच्या पुढे इरा काय गाते, हे दत्तोबांना अजून कळलेलं नाही.

त्या सत्तेचाळिसांत एक फोन तुमचा होता. “पोरीनं नाव काढलं,” असं तुम्ही म्हणालात. दत्तोबांना बरं वाटलं. मग त्यांनी जरा आवाज खाली घेऊन विचारलं, “तुमी ऐकलं न्हवं? शेवटाला तिचा आवाज हलला का वो?”

ती लिंक तुम्ही अजून उघडलीच नव्हती. तरी म्हणालात, “छे, कुठंच नाही.”