समुद्र डाव्या हाताला

"लोकांनी हा देश नकाशात पाहिलाय. मी तळपायाने पाहिलाय!"

हे वाक्य वाटाडे दिवसातून इतक्या वेळा म्हणत की दुकानातल्या स्टुलालाही ते पाठ झालं असावं. वाटाडे हे त्यांचं आडनाव नव्हे बरं का! गल्लीने थट्टेने ठेवलेलं ते नाव. पण त्यांनी ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं आणि दुकानाच्या पाटीवर रंगवूनच घेतलं. दुकान मुळात सासऱ्यांचं. सासरे घरात घालायच्या मऊ सपाता विकत आणि सुखाने दोन घास खात. जावईबापूंच्या हाती दुकान आलं तशा सपाता माळ्यावर गेल्या आणि भटकंतीच्या दणकट बुटांची खोकी छतापर्यंत चढली.

"सपाता काय, कुणीही विकेल! बूट विकायला माणूस चाललेला असावा लागतो!" वाटाडे म्हणाले.

"मग आता तुम्ही चालणार का?" बायकोने विचारलं.

चालायचं म्हणाल तर वाटाडे रोज घरापासून दुकानापर्यंत चालत. मध्ये एक चढ लागतो, तिथे ते बस पकडत. भिंतीवर मात्र त्यांचे तीन मोठे फोटो होते. एकात ते समुद्रकिनारी, एकात डोंगरमाथ्यावर, एकात बेटावर. तिन्ही फोटो मेहुण्याच्या स्टुडिओत, पडदे बदलून, एका दुपारी काढलेले. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! बायकोला हे सगळं माहीत होतं, कारण मेहुणा तिचाच धाकटा भाऊ. पण ती गप्प होती. ती फक्त अधूनमधून माळ्यावरच्या सपातांवरची धूळ झटकायची.

बुटांचं म्हणाल, तर अजून एक जोडही विकला गेला नव्हता.

आणि अशात एके दिवशी दुकानात दातांचे डॉक्टर आले. डॉक्टर म्हणजे गावातल्या चालणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. मंडळ म्हटलं की फूट आलीच. हेही नुकतंच फुटलं होतं. खजिनदार अर्धी माणसं घेऊन बाहेर पडले होते आणि त्यांनी दुसरं मंडळ काढलं होतं. तेव्हापासून डॉक्टरांना रात्री झोप नव्हती आणि दिवसा खजिनदाराशिवाय दुसरा विषय नव्हता.

"आम्ही वर्षभरात सगळा देश पायी हिंडणार," डॉक्टर म्हणाले. "सगळे किनारे, सगळे डोंगर, सगळी बेटं! त्या खजिनदाराचं तोंड पाहण्यासारखं झालं पाहिजे. वाट दाखवायला माणूस हवाय, आणि सगळ्या मंडळाला बूट हवेत."

वाटाड्यांच्या डोळ्यांपुढे छतापर्यंतची खोकी भराभर खाली उतरली.

"बूट तर हातोहात खपतायत माझे!" ते म्हणाले. "हे बूट फक्त माझ्याकडे मिळतात. आणि वाटेचं म्हणाल, तर एकच नियम. समुद्र डाव्या हाताला ठेवायचा! माणूस कधी चुकत नाही."

डॉक्टरांबरोबर मंडळाच्या चिटणीस आल्या होत्या. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या चष्मा वर करून फोटो बघत होत्या.

"या तिन्ही फोटोंत एकच ढग कसा हो?"

"अहो बाई, ढग फिरतात ना! तो माझ्या मागे मागेच असायचा."

बाईंनी पेपर तपासताना करतात तसं 'हं' केलं. शेवटी ठरलं ते असं. आधी एक लहानशी चाचणी घ्यायची. जवळचंच एक बेट. सकाळच्या बोटीने जायचं, बेटाच्या मधोमध टेकडीवर विश्रामगृह आहे तिथे गरम जेवण, संध्याकाळच्या बोटीने परत. बूट सगळ्यांनी वापरून बघायचे. सगळं नीट पार पडलं तर वर्षभराची वाट वाटाडे दाखवणार आणि सगळ्या मंडळाचे बूट त्यांच्याच दुकानातून. नाही पडलं, तर खोकी आहेतच, आणि बायकोचा तो न बोलता धूळ झटकण्याचा आवाजही आहे.

रविवारी बोटीने मंडळींना धक्क्यावर उतरवलं. नव्या कोऱ्या बुटांचा असा करकराट सुरू झाला की धक्क्यावरचे पक्षी उडाले. वाटाड्यांनी हातातली काठी वर केली.

"समुद्र डाव्या हाताला! चला!"

बरोबर आलेल्या बायकोने टेकडीकडे पाहिलं. विश्रामगृहाचं लाल छप्पर उजवीकडे वर स्वच्छ दिसत होतं आणि धक्क्यापासून सरळ तिकडे पायवाट जात होती.

"अहो, जेवण तिथे आहे ना?"

"तू मध्ये बोलू नकोस गं! सरळ वाटेने जातात ते नवशिके."

"बरं. तुम्ही समुद्र सांभाळा. मी जेवण सांभाळते." आणि ती पायवाटेने वर चालू लागली. तिच्या पायात माळ्यावरच्या सपाता होत्या.

मंडळी किनाऱ्याने निघाली. वाटाडे पुढे, आणि त्यांची जीभ त्यांच्याही पुढे. भरती अशी येते, ओहोटी तशी जाते, एकदा एका बेटावर मी एकटाच कसा... एका वळणावर एक आजोबा मान खाली घालून जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांच्यापुढून मंडळी करकरत गेली. आजोबांनी मान काही वर केली नाही.

लाल छप्पर उजवीकडेच होतं. बरंच चालल्यावरही ते उजवीकडेच होतं.

"आपण तिकडे केव्हा वळणार?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"कुठे?"

"त्या लाल छपराकडे."

"ते आपलं नव्हे. अशी छपरं बेटावर बरीच असतात. आपलं पुढे आहे."

ऊन चढलं. टाचा हुळहुळू लागल्या. भुकेने पोटात कावळे कोकलू लागले. अखेर एका वळणानंतर समोर धक्का दिसला. वाटाडेही क्षणभर चपापले, पण हा माणूस चपापून गप्प बसणारा नव्हे!

"आला बघा, पलीकडचा धक्का! बेटाला दोन धक्के असतात. एक यायचा, एक जायचा."

"याचाही कठडा तस्साच तुटलाय," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"दोन्हीकडे ठेकेदार एकच असणार. दुसरं काय!"

हे मात्र सगळ्यांना पटलं. ठेकेदाराचं नाव काढलं की आपल्याकडे कुणालाही काहीही पटतं. मंडळी पुढे निघाली, आणि थोड्याच वेळात पुन्हा एक जाळं, पुन्हा एक आजोबा.

"हे मघाचेच ना?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"बाई, जाळंवाले सगळीकडे सारखेच दिसतात," वाटाड्यांनी उडवून लावलं.

डॉक्टर मात्र आजोबांजवळ थांबले. त्यांना वेगळीच शंका छळत होती. खजिनदारांच्या मंडळाचीही आज कुठेतरी सहल होती.

"आजोबा, इथून आज आणखी कुणी गेलं का हो?"

"गेली की मघाशी. पुष्कळ माणसं होती," आजोबा मान खालीच ठेवून म्हणाले.

"कशी होती दिसायला?"

"तोंडं कोण बघतंय? माझं लक्ष जाळ्यात. पाय तेवढे दिसले. नवे कोरे बूट, करकर करकर! आणि सगळ्यात पुढचा एक बाबा एकसारखा बोलत होता. डोकं उठवलं त्याने."

"एकसारखा बोलत होता!" डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "खजिनदारच तो! दुसरं कोण? आजोबा, बूट कसे होते? असे होते?"

आजोबांनी डॉक्टरांच्या पायांकडे नजर टाकली. "अगदी हेच."

डॉक्टर सावकाश वळले. दाढ उपटण्याआधी ते पेशंटकडे असेच वळत असावेत.

"वाटाडे, हे बूट फक्त तुमच्याच दुकानात मिळतात ना?"

"फक्त माझ्याच!" सवयीने तोंडातून निघून गेलं.

"मग खजिनदाराच्या पायात कसे?"

आता खरं सांगावं तर काय सांगावं? की अहो, मी आजवर एकही जोड विकलेला नाही? 'हातोहात खपतायत' म्हणून छाती फुगवली होती तिचं काय? बुडत्याचा पाय खोलात म्हणतात ते खोटं नाही.

"आता डॉक्टर, दुकान म्हटलं की गिऱ्हाईक कोणीही येतं... गेल्याच आठवड्यात नेले त्यांनी. सगळ्या मंडळाने."

"आणि आम्हाला बोलला नाहीत! आमच्याच बेटावर, आमच्याच दिवशी, आमच्याच बुटांत! तुम्ही त्यांना वाटही सांगितली असेल!"

"छे छे! फक्त एवढंच म्हणालो की समुद्र डाव्या हाताला..."

"संपलं! बूट नकोत, तुमची वाट नको, काही नको!"

वाटाड्यांना दुकानातली सगळी खोकी आपल्या अंगावर कोसळताना दिसली. तेवढ्यात मंडळातलं कुणीतरी ओरडलं, "ते बघा! वर बघा!"

टेकडीवर, लाल छपराखाली, कुणीतरी जोरजोरात पदर हलवत होतं. शेजारी आणखी कुणीतरी ताट बडवत होतं. आवाज वाऱ्यावर खाली येत होता, ठण ठण ठण!

"हिणवतायत!" डॉक्टर किंचाळले. "आपलं जेवण खातायत आणि वर ताटं वाजवतायत!"

"मग आपणही वर जाऊ या की," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भूक होती.

"वर जाऊन त्या खजिनदाराचं उरलेलं खायचं? मी उपाशी मरेन! वाटाडे, तुम्हाला शेवटची संधी. त्यांच्याआधी धक्का गाठायचा, बोट आपण पकडायची आणि त्यांना बेटावर बसवून जायचं. बोट आपली तर ऑर्डर तुमची!"

मग काय विचारता! ज्या माणसाला दुकानाच्या वाटेवरचा चढ चढवत नाही, तो माणूस धावत सुटला. समुद्र डावीकडे, अब्रू उजवीकडे आणि मागून सगळं मंडळ करकरत, लंगडत, कण्हत. कुणाच्या टाचा सोलल्या, कुणाची करंगळी फुगली, एकाने तर बूट काढून गळ्यात घातले. वरून पदर हलत राहिला आणि ताट वाजत राहिलं. डॉक्टर मधूनच थांबून टेकडीकडे मूठ दाखवत आणि पुन्हा धावत.

उन्हं उतरता उतरता धक्का आला. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं!

"जिंकलो!" डॉक्टरांनी वाटाड्यांना कडकडून मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "वाटाडे, मी तुमच्यावर उगीच संशय घेतला. ऑर्डर पक्की! सगळ्या मंडळाचे बूट!"

वाटाड्यांना दम लागल्याने बोलता येत नव्हतं. लग्नानंतर प्रथमच ते इतका वेळ गप्प होते. पण आतून ते सुखाने नुसते डोलत होते. आज घरी गेल्यावर बायकोला काय काय सांगायचं, त्याची त्यांनी मनात जुळवाजुळवही सुरू केली.

बोट लागली. डॉक्टर आत उडी मारून ओरडले, "चला, सोडा बोट! ते लोक यायच्या आत!"

"कोण लोक?" बोटवाला म्हणाला. "एक बाई राहिल्यात. त्या आल्या की निघू."

टेकडीवरून बाई येतच होती. हातात भरलेले डबे, पायात सपाता, चेहरा जेवून झोप काढलेल्या माणसाचा.

"वहिनी!" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही वरच होता ना? किती जण आहेत ते? खजिनदार काय म्हणाला?"

"कोण खजिनदार?"

"वरती जेवायला होते ते! आमच्या पुढे चालणारे!"

"वर मी आणि स्वयंपाकी, दोघंच. मी पदर हलवून हलवून थकले, त्याने ताट बडवून बडवून वाकडं केलं. तुम्ही मुठी दाखवून पुढे! बेटावर चालणारं दुसरं कुणी नव्हतं, डॉक्टर. तुम्हीच होता. सकाळी गेलात, दुपारी इथूनच पुन्हा गेलात, आणि आता पुन्हा इथेच आलात." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "काखेत कळसा आणि बेटाला वळसा!"

"म्हणजे धक्का..." डॉक्टर कसेबसे म्हणाले.

"एकच आहे," बोटवाला म्हणाला. "दोन कशाला हवेत?"

"आणि आजोबांनी सांगितलेला तो डोकं उठवणारा माणूस..." मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि सगळ्या बोटीने एकाच माणसाकडे पाहिलं.

परतीच्या वाटेवर सगळ्यांनी बूट काढून एका कोपऱ्यात रचले आणि डब्यांतलं गार जेवण मान खाली घालून संपवलं. वाटाडे टोकाला जाऊन बसले होते. समुद्र आता दोन्ही हातांना होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढे रांग लागली! सगळं मंडळ लंगडत हजर. डॉक्टर सगळ्यात पुढे, दोन्ही पायांना पट्ट्या.

"वहिनी, काल तुमच्या पायात होतं ते मऊ मऊ... तसलं काही आहे का?"

बायकोने माळ्याला शिडी लावली. दुपारपर्यंत निम्म्या सपाता खपल्या. संध्याकाळी खजिनदारांचं मंडळही आलं. त्यांना बेटाची हकिगत आधीच कळली होती, आणि डॉक्टरांच्या मंडळाहून चांगल्या सपाता त्यांना हव्या होत्या.

आता पाटी पुन्हा सासऱ्यांच्या नावाची आहे. गल्ल्यावर बायको बसते. तिन्ही फोटो मेहुणा घेऊन गेला. चौकटी त्याला लग्नाच्या ऑर्डरीला कामाला आल्या. वाटाडे सपाता खोक्यात भरून देतात. क्वचित एखादं नवखं गिऱ्हाईक दिसलं आणि बायको आत गेलेली असली, की ते हळूच म्हणतात, "बरं का, एक अख्खं बेट मी एका दिवसात दोनदा पायी पालथं घातलंय. शेवटचा टप्पा तर धावत!"

इतके दिवस लोकांनी त्यांचे पडद्यावरचे डोंगर खरे मानले. आणि या बाबतीत मात्र गिऱ्हाईक त्यांच्या पोटाकडे बघतं, हसतं आणि म्हणतं, "काका, थापा पुरे. सात नंबरच्या सपाता दाखवा."