विमलताईंची उभी सभा

आमच्या विमलताई वानखडेंना सभेत कोणी बसलेलं खपत नाही. रोज सकाळी अकराला शिवणकेंद्रातल्या आम्ही आठजणी मशिनी सोडून गोल उभ्या राहतो. काल काय शिवलं, आज काय शिवणार, कुठं अडलं, एवढंच बोलायचं. पंधरा मिनिटं झाली की टेबलावरचं घड्याळ केकाटतं आणि अर्धं वाक्य गिळावं लागतं. माझे गुडघे या शास्त्राला रोज शिव्या घालतात.

या शास्त्राचं नाव स्क्रम. पुण्यातल्या भाचीच्या सॉफ्टवेअर कंपनीत कामं अशी चालतात, हे ताईंनी दिवाळीत ऐकलं आणि साठाव्या वर्षी त्याची परीक्षा द्यायचं मनावर घेतलं. अमरावतीत पोरींना शिवण शिकवण्यात जन्म गेलेली बाई, पण अख्खी इंग्रजी पुस्तिका तिनं वहीत उतरवून काढली. भिंतीवर तीन रकाने आखले: करायचं, करून राहिली, झालं. शाळेच्या गणवेशाची कॉलर, बाही, खिसा, सगळ्यांच्या चिठ्ठ्या त्यातून सरकायच्या. मी काम वाटणार नाही, जिचं तिनं उचलावं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही पदराआड हसलो. पण त्या साली शाळा उघडायच्या आधीच गणवेश पोचले, तेव्हा आमचं हसू जिरलं.

परीक्षेत मात्र ताई एका मार्कानं राहिल्या. जन्मभर दुसऱ्यांना पास-नापास करणारी बाई! तिसऱ्या दिवशी सभा संपताना त्यांनीच तो चुकलेला प्रश्न सांगितला. टीममधला एकजण रोजच्या सभेला येत नाही, तर काय कराल? ताईंनी खूण केली होती, आपण स्वतः जाऊन त्याला गाठावं. बरोबर उत्तर म्हणे, ते टीमनं आपसात ठरवावं.

"मंग पुढच्या टायमाले तसंच टाका ना," मी म्हटलं. "आपल्याले मार्काशी मतलब."

घड्याळ वाजून गेलं होतं, तरी त्या तशाच उभ्या होत्या.

"माहा भाऊ तेल्हाऱ्यात तीन दिवस पारावर आला नाही," त्या म्हणाल्या. "कापसाचं ते साल कसं होतं, तुले मालूम हाये. सारे म्हणे, येईल आज ना उद्या. मले फोन आला तं मीबी तेच म्हटलं. चौथ्या दिवशी गेली, ते मातीलेच."

मला मेलीला मार्कांचं बोलून बसल्याची लाज वाटली.

दुसऱ्या खेपेला ताई पास झाल्या. तोच प्रश्न पुन्हा आला होता आणि त्यांनी उत्तरही तेच दिलं. बाकीचं इतकं घोटलं होतं की तो एक मार्क गेला तरी भागलं. प्रमाणपत्र 'झालं'च्या रकान्यात टाचणीनं लावलंय.

गेल्या मंगळवारी मला तापानं अंथरुणातून उठवेना. केंद्रात कळवायलाही जमलं नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं. सभा अर्धी टाकून ताई दारात आल्या होत्या, हातात स्वतःचाच जेवणाचा डबा. मी म्हटलं, ताई, बसा. त्या माझ्या उशाशी बसल्या, त्या दिवेलागणीलाच उठल्या.