बारकूतात्यांचे इंग्रजी बैल

बारकूतात्या इंग्रजी वाक्य विकत घ्यायचं असल्यासारखं बघतात. आधी लांबून, मग चष्मा लावून जवळून, मग मोठ्यानं वाचून, म्हणजे त्यांच्या भाषेत 'चालवून'. वाचताना जीभ अडखळली की पेन्सिलीनं फुली. "मागच्या पायात लंगडतंय. काढा भाईर."

तात्या आमच्या टोकावड्याचे बैलांचे दलाल. म्हसा गावच्या जत्रेतल्या बैलबाजारात त्यांनी पाठीवर नुसता हात ठेवला की म्हातारा बैल जागच्या जागी दोन वर्षांनी लहान होतो, हे मी स्वतः पाहिलंय. शपथ मात्र कुणी घालू नये. शिक्षण सातवी. आणि गेलं वर्षभर हा माणूस उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक खताच्या पिशवीत घालून फिरतोय! परदेशातल्या मॅनेजमेंट कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचं. एक वाक्य, त्याची पाच रूपं, त्यातलं एकच बरोबर.

पुस्तक त्यांच्या मनीषाचं. लहानपणीच आई गेलेली एकुलती पोरगी. परीक्षेची तयारी तिनं घरीच केली. तात्या अडखळत वाक्यं वाचायचे, ती उत्तरं द्यायची. पास झाली, अमेरिकेला गेली. पुस्तक मागं राहिलं, आणि तात्यांनी ते पुन्हा पहिल्या पानापासून धरलं.

का? अख्खं गाव गोंधळात. ढाबेवाल्यानं तर छातीठोक सांगितलं, तिकडच्या बैलांना मराठी कळत नाही, म्हणून तात्यांची तयारी चाललीय.

सगळ्यांत जास्त गोंधळलो मी. कारण मी इथल्या शाळेत बावीस वर्षं इंग्रजी शिकवणारा मास्तर. मनीषा माझीच विद्यार्थिनी.

एकदा एसटीच्या थांब्यावर तात्यांनी मला गाठलं. पुस्तक उघडलं, खांद्यावरचं उपरणं पुढं केलं आणि म्हणाले, "मास्तर, हात घाला."

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबायची. जे ठरलं ते दोघांतच. पाच बोटं, पाच पर्याय. मी वाक्य वाचलं, घाम पुसला आणि मधलं बोट दाबलं. सी.

"हॅट! दात मोजलंत का त्याचं? ही जोड बघा. एक बैल बुटका, एक उंच. गाडी सरळ जाईल का? ई घ्या, ई!"

मी मागं छापलेलं उत्तर पाहिलं. ई! बावीस वर्षांची मास्तरकी त्या थांब्यावर धुळीत बसली. पुढल्या दहा वाक्यांत तात्या दहाला दहा, मी चार. माळशेजची एसटी आली, गेली, परत आली. आमची बोटं उपरण्याखालीच.

लोकांनी ते पाहिलं. घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या पुढं धावली होती. बायको दारात उभी. "बैल घेतलात म्हणे! बांधणार कुठं, माझ्या डोक्यावर?" शेजारच्यांनी पेंढा आणून टाकलासुद्धा.

पण खरा गोंधळ पुढंच. दोन दिवसांनी तात्या शाळेत आले. "मास्तर, यातलं चुकीचं, पन शान्या मानसाला बरोबर वाटंल, असं कंचं?"

"चुकीचं? अहो, परीक्षेत बरोबर शोधायचं असतं!"

"बरोबर तर मला आलंय हो. चुकीचं सांगा. सोप्पं नको, जरा झगडा होईल असं." मी 'बी' पर्याय दाखवला. तात्या बघितलेली पोरगी पसंत पडल्यासारखे खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी त्यांच्या ओटीवर गेलो. म्हटलं, आज या माणसाच्या डोक्यात काय आहे ते बघायचंच. पुस्तक मांडीवर, फोन स्पीकरवर. पलीकडं मनीषा.

"बाबा, चहा झाला? गोळी घेतलीत? बरं, ठेवते मग."

"थांब गो! एक वाक्य अडलंय." तात्यांनी कालचंच वाक्य वाचलं. "याचं उत्तर बी हाय ना?"

"बी? बी कसं होईल बाबा!"

"मला तर बीच दिसतंय."

आणि पोरगी पेटली. समजावता समजावता वर्गातल्या कुणाची तरी गोष्ट निघाली, मग करपलेली डाळ, मग तिकडची थंडी, मग एकटीनं केलेला वाढदिवस. बोलणं थांबतंय असं वाटलं की तात्या हळूच म्हणत, "ते खरं गो, पन बी का नाय?"

मी पुस्तकात डोकावलो. डी वर बरोबरची खूण. दोनदा खोडून तिसऱ्यांदा केलेली. पुस्तक आधीच दोनदा संपलं होतं.

तरी माझ्यातला मास्तर गप्प बसेना. "अहो तात्या, डी तर तुम्ही—"

उपरणं सरकलं. तात्यांनी माझी पाचही बोटं एकदम आवळली. हाडं वाजतील इतकी.

"कोण आहे बाबा?"

"मास्तर आलेत गो. ते पन बीच म्हनतात."

मी घसा खाकरला. "हो मनीषा. मलाही बीच वाटतंय."

"सर, तुम्हीसुद्धा!" ती खळखळून हसली. "थांबा, दोघांनाही पहिल्यापासून सांगते."

उपरण्याखालची पकड हळूहळू सैल झाली. हात मात्र तात्यांनी सोडला नाही.