मुंग्यांची काळी चौकट

गांचोच्या दुकानात गावातल्या निधनाची पत्रकं छापली जातात. दुसरं काही छापण्यासारखं आमच्या गावात घडतच नाही. त्यामुळे मास्तर वेलिझारांनी पुस्तकवाचनाच्या कार्यक्रमाचं पत्रक छापायला दिलं, तेव्हा गांचो जरा गांगरलाच.

"कडेनं मुंग्यांची रांग हवी," मास्तर म्हणाले. "मध्ये माझा फोटो, खाली वार, वेळ, ठिकाण आणि पुस्तकाचं नाव."

"फोटो आणलाय?"

मास्तरांनी पाकिटातून सुटातला फोटो काढला. तो ओळखपत्रासाठी काढलेला होता आणि त्यात मास्तर नुकतीच एखादी वाईट बातमी ऐकल्यासारखे दिसत होते.

पुस्तक लहान मुलांचं होतं. उन्हाळ्यात नदीवर उठणारी एका दिवसाची माशी, गोगलगाय, टोळ, शेणातला किडा, सगळे त्यात होते. मजकूर मास्तरांचा आणि चित्रं त्यांच्या बायकोची, नेदाची. गेल्या हिवाळ्यात अंथरुणावर उशांना टेकून तिनं ती काढली. शेवटचं चित्र झाल्यावर ब्रश धुऊन ठेवत ती म्हणाली होती, "पोरांच्या हातात पडू देत हं, वेलिझार. आपल्या कपाटात नकोत." पुस्तक छापून यायच्या आधीच ती गेली. मास्तरांनी "हो" म्हटलं होतं आणि आता ते "हो" त्यांच्या मानगुटीवर बसलं होतं. कारण गावात पोरं कुठं होती? आईबाप पोटापाण्यासाठी जर्मनीला नाहीतर स्पेनला गेले, पोरंही गेली, शाळेला कुलूप लागलं. उरलो आम्ही म्हातारे.

गांचोच्या यंत्रात निधनाच्या पत्रकाचा एकच साचा होता, तो त्यानं वापरला. यंत्राला शाई जास्त सोडायची खोड होती, त्यामुळे मुंग्या एकमेकींत मिसळून जाड काळी पट्टी झाली, मयताच्या पत्रकाला असते तशीच. मग खळीची बादली घेऊन त्यानं सवयीप्रमाणे पत्रकं विजेच्या खांबांवर, पावाच्या दुकानाच्या दारावर आणि बसथांब्यावर चिकटवली. एक मास्तरांच्या फाटकावरही लावलं, कारण मयताच्या घरी लावायचंच असतं. आमच्याकडे असलं पत्रक कुणी सगळं वाचत नाही. फोटो बघायचा, नाव बघायचं, वेळ बघायची आणि छातीवर क्रूस काढून पुढं जायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मास्तर पाव आणायला निघाले. बसथांब्यावर दिमो आणि त्सोना आजी पत्रकासमोर उभे होते.

"गेला बिचारा," दिमो म्हणाला.

"भला होता," आजी म्हणाली. "पण आमच्या पोरांच्या हातात गांडुळं द्यायचा. घरी येऊन त्याच हातानं जेवायची."

"बायकोमागोमाग गेला. पुरुषांना एकट्यानं जगता येत नाही. चहासुद्धा करता येत नाही."

"मला येतो चहा करता," मागून मास्तर म्हणाले.

आजीनं तीन वेळा क्रूस काढला आणि वळून न बघता घराकडे चालू लागली. दिमोला कमी दिसतं आणि ऐकूही बेताचंच येतं. तो म्हणाला, "पाच वाजता आहे बरं का, वाचनगृहात. तुम्हीही या."

मास्तर तरातरा गांचोकडे गेले.

"हे काय करून ठेवलंस तू?"

"चौकट मुंग्यांची म्हणालात. मुंग्या काळ्याच असतात."

"काढून टाक सगळी."

"लावलेलं पत्रक काढत नसतात, मास्तर," गांचो गंभीरपणे म्हणाला. "ते पाऊस काढतो. माणसानं काढलं तर वर्षाच्या आत घरात दुसरं लागतं."

"अरे, पण माझ्या घरात मी एकटाच आहे."

"तेच म्हणतोय मी."

मास्तर विज्ञान शिकवणारे, पण पत्रकाला हात लावायचं धाडस त्यांनाही होईना. शेवटी ते पेन घेऊन खांबाखांबावर गेले आणि प्रत्येक फोटोखाली "जिवंत आहे" असं लिहून आले. दुपारपर्यंत ते सगळीकडे खोडलेलं होतं. पावाच्या दुकानावर तर कुणीतरी शेजारी लिहिलं होतं, "मेलेल्यांची थट्टा करू नये, लाज वाटू दे."

पाचाच्या सुमारास वाचनगृह सांभाळणाऱ्या सेवदाबाई दारात खुशीत उभ्या होत्या. मांडलेल्या खुर्च्या कमी पडल्या होत्या. मग त्यांचं लक्ष लोकांच्या हातांकडे गेलं. प्रत्येकाकडे दोन नाहीतर चार फुलं होती, आणि जिवंत माणसाला आमच्याकडे कुणी सम संख्येत फुलं देत नाही. सगळे काळ्या कपड्यांत होते. त्सोना आजीच्या हातात मयताच्या नावानं वाटायच्या, साखर पेरलेल्या उकडलेल्या गव्हाचं मोठं ताट होतं. सकाळी पाठीमागून आवाज आला होता तो मास्तरांचा आत्माच, याबद्दल तिला शंका नव्हती.

तेवढ्यात मागच्या दारानं मास्तर आत आले. पुढच्या रांगेतल्यांनी भराभर छातीवर क्रूस काढले.

"मी मेलेलो नाही," मास्तर म्हणाले. "छपाईत चूक झालीय. मी पुस्तक वाचायला आलोय."

त्सोना आजीनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "दोन किलो गहू उकडलेत मी," ती म्हणाली. "गहू उकडल्यावर माणसानं असं जिवंत येऊ नये, मास्तर."

"चुकलंच माझं."

"आता आलातच तर वाचा. एवढी चढण चढून आलोय."

मास्तरांनी वाचलं. एका दिवसाची माशी तीन वर्षं नदीच्या चिखलात काढते, मग पंख फुटतात, आणि तेव्हा तिला खायला तोंडही नसतं, कारण जेवायला वेळच नसतो. आमच्या बायका ढसाढसा रडल्या. रडायची तयारी करूनच आल्या होत्या, ती अशी कामी आली. मास्तरांनी नेदाचं चित्र वर धरलं आणि ते त्याकडेच बघत राहिले, म्हणून पुढचं पान सेवदाबाईंनी वाचलं.

मग आजी ताट घेऊन उठली. "मास्तरांच्या नावानं नाही तर नाही. नेदाच्या नावानं वाटते. गहू परत नेत नसतात." प्रत्येकाच्या हातात चमचाभर गहू आणि, टेबलावर रचलेलीच होती म्हणून, एकेक पुस्तक. मयताच्या नावानं दिलेलं नाकारायचं नसतं, पैसे द्यायचे नसतात, आभारही मानायचे नसतात. नुसतं "देव तिला क्षमा करो" म्हणायचं आणि घ्यायचं.

"आजी, थांबा," मास्तर कळवळून म्हणाले, "ही पोरांसाठी आहेत."

"दाखवा कुठंय पोर," आजी म्हणाली.

सगळी पुस्तकं काळ्या पिशव्यांतून निघून गेली. आपल्या कपाटात राहायला नकोत म्हणून बाहेर काढली, आणि पोचली कुठं, तर म्हाताऱ्यांच्याच कपाटात. घरी येऊन मास्तर दिवा न लावताच बसून राहिले. नेदाला दिलेला शब्द आपण घालवला, असं त्यांना मनापासून वाटलं. पुढचे कित्येक दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. पाव आणायला गेले की लोक त्यांना वाट करून देत, त्याचं आणखीच वाईट वाटे.

उन्हाळा सरता सरता त्सोना आजी फोन पुढं धरून त्यांच्या फाटकाशी आली. "घ्या, पणतू आहे. स्पेनहून. डोकं खाल्लंय माझं."

"त्याला काय हवंय माझ्याकडून?"

"मला काय ठाऊक. मिरचीच्या चटणीच्या बरण्या पाठवल्या होत्या त्यांना गाडीनं. फुटू नयेत म्हणून मध्ये तुमचं पुस्तक घातलं होतं. सगळ्याच बायकांनी घातलं, आपापल्या पोरांच्या खोक्यांत. चांगलं जाड आहे."

मास्तरांनी फोन कानाला लावला.

"आजोबा, तुम्ही मेलात ना?" पोरानं अडखळत विचारलं. "पणजी म्हणाली होती."

"मी नाही मेलो, बाळा."

"मग चित्रवाल्या आजी?"

"हो. ती गेली."

"बरं. मग तिला सांगा, टोळाचे पाय तिनं बरोबर काढलेत. सहा. मी बागेत जाऊन पकडून मोजले. आमच्या इथल्या एका टोळाला पाचच आहेत, पण तो लंगडा आहे. आता गोगलगाय बघणारे. सांगाल ना?"

"सांगतो," मास्तर म्हणाले.

फोन आजीच्या हातात देऊन ते तसेच घरातल्या चपलांवर फाटकाबाहेर पडले आणि दफनभूमीच्या रस्त्याला लागले. समोरून दिमो येत होता. मास्तर अगदी जवळ आल्यावर, त्यांना एकट्यानंच, स्वतःच्या पायांनी तिकडे निघालेलं पाहून तो रस्त्याच्या कडेला झाला आणि त्यानं अदबीनं टोपी काढली.