टॅन्सीने धरलेलं झाड

"कुत्री झाडाशी उभी राहून भुंकायला लागली, की क्षणाचाही उशीर करायचा नाही, यूलाबाई! तिचं नाव घेऊन ओरडायचं. नुसतं ओठांनी नाही, अगदी बेंबीच्या देठापासून!"

शिकारी कुत्र्यांची पैदास करणाऱ्या होबर्ट स्कॅग्ज यांचा हा उपदेश अजून माझ्या कानांत घुमतो आहे. तेव्हाच कानांत बोटं घातली असती तर पुढचं सगळं टळलं असतं!

पण मी म्हटलं, "त्यात काय मोठंसं? शिकेन की!"

हे कोण म्हणालं, तर जिचा आवाज आमच्या खोऱ्यातल्या चर्चमध्ये चाळीस वर्षांत तिसऱ्या बाकापलीकडे गेला नव्हता, ती मी. पहाटे स्तोत्र वाचून होईपर्यंत मी तोंड उघडत नाही. दिवसभर कुणावर आवाज चढवत नाही. कुणाची उणीदुणी तर मुळीच काढत नाही. अशा बाईने रॅकूनची, म्हणजे रात्री हिंडणाऱ्या त्या पट्टेरी शेपटीच्या प्राण्याची, शिकार करणारी कुत्री घ्यावी? पण वडिलांच्या पायाशी अशाच कुत्र्यांत मी वाढले. ते गेले, मग त्यांची कुत्रीही गेली आणि अंगण मुकं झालं. म्हणून होबर्टांच्या अंगणात टॅन्सी जेव्हा मान वर करून पहिल्यांदा गायली (हो, गायलीच!), तेव्हा माझे गुडघे प्रार्थनेला बसल्यासारखे आपोआप टेकले. भाव करायचंही सुचलं नाही.

"दहा दिवस नेऊन बघा," होबर्ट म्हणाले. "माझी कुत्री सरळ असते. रॅकून म्हणजे रॅकून! हरीण, कोल्हा, मांजर, कशाकडे ढुंकून बघत नाही. वाकडी निघाली तर मी स्वतः येऊन परत नेणार. वाकड्या कुत्रीला माझ्या घराण्याचं नाव नको."

मग सुरू झाला माझा सराव. आमच्याकडच्या स्पर्धांत रॅकून झाडावर चढला, कुत्र्याने बुंध्यावर पाय टेकून भुंकायला घेतलं, की आपल्या कुत्र्याचा आवाज ओळखून जो पहिला ओरडेल त्याला गुण. मी रोज गोठ्यामागे उभी राहून "झाड, टॅन्सी! झाड!" असा टाहो फोडायची. कुत्रीसाठी ओरडणं म्हणजे कुणावर आवाज चढवणं नव्हे, असं मी प्रभूला समजावून सांगितलं होतं. तो काही बोलला नाही, मी होकार समजले! चौथ्या दिवशी कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं. सहाव्या दिवशी शेजारचे लोक दोरखंड घेऊन धावत आले. मी विहिरीत पडले असं त्यांना वाटलं होतं!

दहावा दिवस रविवार होता. एकटी ठेवली तर टॅन्सी रडून गाव गोळा करते, म्हणून तिला गाडीत बसवून चर्चला नेलं.

"उपासना संपेपर्यंत मेंढरासारखी बसेल," मी दारातच पाळकसाहेबांना छातीठोकपणे सांगितलं. काच तेवढी चार बोटं उघडी ठेवली होती, हवेसाठी. जुन्या गाडीची काच पंजाने दाबली की सबंध खाली जाते, हे मला माहीत नव्हतं. टॅन्सीला होतं.

पाळकसाहेब नम्रतेवर बोलत होते. पहिल्या बाकावर वर्नाडीन बसली होती, डीकन म्हणजे चर्चचा कारभारी असलेल्या आर्लिसची बायको. अंगात तिचा तो फरचा कोट. आर्लिसने लेक्सिंग्टन शहरातून आणलेला, अस्सल मिंकचा, त्या महागड्या मऊ फरच्या प्राण्याचा! हे ती दर रविवारी कुणा ना कुणाला सांगायची. प्रवचन संपून गायनासाठी ती उभी राहिली आणि त्याच क्षणी मधल्या वाटेने टॅन्सी आली. जमिनीला नाक, शेपटी ताठ. वर्नाडीनपाशी पोचली, तिच्या कमरेवर दोन्ही पाय टेकले, मान वर केली आणि...

काय तो आवाज! छताचे वासे थरथरले! वर्नाडीन किंचाळत पियानोच्या स्टुलावर चढली, तशी टॅन्सीला खात्रीच पटली.

आता आमच्या चर्चमधले पुरुष म्हणजे एकजात शिकारी. एकही मदतीला उठला नाही. सगळ्यांनी मनगटं वर करून घड्याळावर तिचं भुंकणं मोजायला सुरुवात केली! "मिनिटाला नव्वद!" कुणीतरी भारावून म्हणालं. तो खुद्द डीकन आर्लिस होता.

आणि मी? मला उठून कुत्रीला धरायचं होतं, शपथेवर सांगते. पण दहा दिवसांचा सराव अंगात भिनला होता. मी उभी राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "झाड, टॅन्सी! झाड!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. टॅन्सीसुद्धा गप्प झाली.

"झाड?" स्टुलावरून वर्नाडीन म्हणाली. "मला झाड म्हणतेस? आणि ही कसली गं शिकारी कुत्री? मिंकवर भुंकते!"

मागच्या बाकावरून होबर्ट हळूहळू उठले. चेहरा राखेसारखा. "मिंकवर?" ते पुटपुटले. "म्हणजे वाकडीच की! यूलाबाई, चार वाजता न्यायला येतो."

शब्द माझ्या ओठांवर आले होते. कोटाच्या बाहीवर मला टॅन्सीच्या नाकाला कळला तितकाच स्पष्ट, मिंकवर कधीच नसणारा एक करडा पट्टा दिसत होता. एक वाक्य बोलले असते तर कुत्री माझी होती. पण ते वाक्य वर्नाडीनबद्दल होतं, आणि भर चर्चमध्ये. मी टॅन्सीचा गळपट्टा धरला आणि खाली मान घालून बाहेर पडले. सद्गुणाचं एवढं वजन असतं हे मला तोवर माहीत नव्हतं!

तीन वाजता माझ्या पडवीत वर्नाडीन उभी. हातात कोट कोंबलेली पिठाची गोणी. टॅन्सीने गोणीवर पाय टेकून घसा मोकळा केला.

"हिला गप्प कर आधी!" वर्नाडीन म्हणाली. "यूला, तुला कळलं होतं ना?"

"काय कळायचं?"

"सोंग करू नकोस. तुझं सोंग चार कोसांवरून दिसतं." ती पायरीवर बसली. "कोट आर्लिसने लिलावात घेतला. मलाही पहिले दोन हिवाळे मिंकच वाटत होता. मग अस्तर उसवलं, आत शेपटीचा तुकडा. काळेकरडे पट्टे! बोलली का नाहीस?"

"तुला लोक हसले असते."

"ते आताही हसताहेत. झाड म्हणालीस मला!" ती स्वतःच फिसकन हसली. मग दोघी हसलो. टॅन्सीने सुरात सूर मिसळला. "जाते होबर्टकडे, सांगते खरं काय ते. पण एका अटीवर. पुढच्या रविवारी हा कोट तू घालून यायचंस. मी एकटीने का म्हणून हसं करून घ्यायचं?"

"येईन," मी म्हटलं. कुत्रीसाठी मी पियानोच्या स्टुलावरही चढले असते.

साडेचारला होबर्टांचा फोन आला. "ठेवा कुत्री. मी स्वतः कोट हुंगून बघितला. शंभर टक्के रॅकून!" पुढे म्हणाले, "आणि यूलाबाई, ओरडलात मात्र झकास!"

पुढचा रविवार नेमका वसंतातला पहिला कडक उन्हाचा दिवस निघाला. स्तोत्र वाचून झालं. टॅन्सी पुढच्या पडवीत झोपली होती, नाक मात्र जागंच. मी कोट चढवला, बूट हातात घेतले, आणि कपाळावरून घामाच्या धारा निथळत असताना, श्वाससुद्धा न घेता, मागच्या दाराने चवड्यांवर चालत चर्चची वाट धरली.